विल्फ एन्डाकॉटनं मांडलेली पंगत

विल्फ एन्डाकॉट भर सभेत बोलला, ही बातमी तो काय बोलला याच्या आधीच गावभर झाली होती. पंचाहत्तरीचा माणूस. पन्नासच्या वर वर्षं त्यानं वेनाकूमच्या चर्चच्या आवारात खड्डे खणले, गवत कापलं, घंटांचे दोर बदलले, पण चार लोकांसमोर उभं राहून "बरंय" याच्या पलीकडे त्यानं कधी काही म्हटलेलं कुणाला आठवत नव्हतं. त्याची बायको होती तेव्हा ती म्हणायची, "आमच्या घरात दोनच माणसं बोलतात, मी आणि रेडिओ."

त्या गुरुवारी गावच्या सभागृहात इतिहास मंडळाची बैठक होती. वृत्तान्त लिहायचं काम माझ्याकडे, त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांतला शब्द न् शब्द माझ्या वहीत आहे. त्यानंतरच्या पानावर नुसती एक वाकडी रेघ आहे. पेन कुठे थांबलं ते तिथं स्पष्ट दिसतं.

म्यूरिअल लस्कम अध्यक्ष. तिनं टेबलावर नकाशा पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले. हा नकाशा आम्ही सगळे लहानपणापासून पाहत आलो होतो. मूळ प्रत चर्चच्या दारातच काचेत लावलेली. चर्चच्या उत्तरेचं आवार, कोपऱ्यात जुनं यूचं झाड, आणि एकसष्ट गोल. प्रत्येक गोलात आकडा, आणि समासात विल्फच्या गोलसर अक्षरात नावं. हेक्स्ट, यो, लस्कम, टॅपर, ब्रिमकूम. गावात आज जी आडनावं आहेत ती, आणि जी आता फक्त शेतांच्या नावांत उरली आहेत तीही.

"गेली पन्नास वर्षं," म्यूरिअल म्हणाली, "आपल्या माणसांचे दगड भिंतीला टेकून उभे आहेत. शाळेत शिक्षा केल्यासारखे, रांगेत. सोमवारी ते आपापल्या जागी परत जाणार. बिशपच्या कचेरीची परवानगी आलेली आहे, पाथरवट येतायत, आणि पहिला दगड बसेल तो डॉली हेक्स्टचा. आकडा सतरा."

सगळ्यांनी आयडाकडे बघितलं. आयडा हेक्स्ट, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पुढच्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन ताठ बसलेली. डॉली तिची आई. आयडा तीन वर्षांची असताना, चव्वेचाळीस सालच्या फेब्रुवारीत, ती दुसऱ्या बाळंतपणात गेली. बाप आधीच लढाईत गेलेला. मावशी आयडाला कॅनडात घेऊन गेली. आयडा परत आली ती एकोणतीस वर्षांची होऊन, आणि मग इथून हलली नाही. गेल्या हिवाळ्यात हृदयाचं दुखणं निघाल्यावर तिनं सतरा नंबरच्या शेजारची जागा स्वतःसाठी राखून घेतली. तो कागद ती पर्समध्येच ठेवायची आणि कुणी तब्येत विचारली की काढून दाखवायची. "माझी सोय झालीय. आईला लागून."

"ते ठीक आहे," मागून लेन यो म्हणाला, "पण नकाशाप्रमाणे माझा पणजोबा तुझ्या पणजीच्या पायाशी येतो, म्यूरिअल. तेवढं जरा लांब सरकवता आलं तर बघ."

"त्यांना दीडशे वर्षं चाललं, लेन. तुलाही चालेल."

हशा झाला. म्यूरिअलनं विल्फकडे हात केला. "आणि ज्या माणसामुळे हे शक्य झालं, ज्यानं अडुसष्ट साली दगड हलवायच्या आधी एकेक जागा मोजून ठेवली, त्या आपल्या विल्फनं दोन शब्द बोलावेत. दोनच, विल्फ. सवय मोडायला नको."

विल्फ उठला. टोपी हातात होती, ती त्यानं खुर्चीवर ठेवली. परत उचलली.

"तो नकाशा खोटा आहे," तो म्हणाला.

म्यूरिअल हसली. "हो हो, ही नक्कल आहे. खरा चर्चमध्ये आहे."

"दोन्ही खोटे. तो जास्त."

माझ्या वहीतली रेघ इथली.

आमच्या पाद्रीबाई, ग्वेंडा पिम, भल्या बाई म्हणून ओळखल्या जातात. घाईघाईनं म्हणाल्या, "विल्फ, तुम्हाला बसून बोलायचंय का? पाणी देऊ?"

"नको बाई. बसलो तर राहून जाईल."

मग त्यानं सांगितलं. उभ्यानं, कुणाकडेही न बघता, समोरच्या खिडकीच्या कडीकडे बघत.

अडुसष्ट साली जिल्ह्यातल्या नीटनेटक्या गावांची स्पर्धा होती. परीक्षक जूनमध्ये केव्हाही येणार, न सांगता. चर्चचे व्यवस्थापक तेव्हा नॉर्थकॉटसाहेब. त्यांनी गवत कापायचं नवं यंत्र आणलं होतं, आणि ते थडग्यांच्या दगडांमधून फिरेना. उत्तरेच्या बाजूला तर गवत कमरेपर्यंत. ठरलं की दगड उपटून भिंतीला लावायचे. चर्चच्या दाराला नोटीस लागली, जिल्ह्याच्या वर्तमानपत्रातही आली. हरकत कुणी घेतली नाही. ज्यांनी घ्यायची त्यातले निम्मे जमिनीखाली होते आणि उरलेले कॅनडा-ऑस्ट्रेलियात.

"साहेब म्हणाले, आधी आकडे टाक, नावं मागाहून उतरवू," विल्फ म्हणाला. "मी जागा मोजल्या. त्या बरोबर आहेत. गोल बरोबर आहेत. आणि प्रत्येक दगडावर त्याचा आकडा लिहिला. खडूनं."

"खडूनं?" लेन यो म्हणाला.

"साहेब म्हणाले रंगानं दगड खराब होतील. शाळेतून खडूची पेटी आणली. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत एकसष्टच्या एकसष्ट दगड भिंतीला लावले. शनिवारी पाऊस. रविवारी पाऊस. सोमवारी मी आलो तर..." त्यानं टोपीची कड बोटांत फिरवली. "पांढरे ओघळ होते नुसते. एका दगडावर आठ का तीन असं काहीतरी दिसत होतं. बाकी कोरे."

"मग?" म्यूरिअलचा आवाज बारीक झाला होता.

"मग साहेब बुधवारी आले. नकाशा झाला का म्हणाले. मी म्हटलं झाला."

"आणि नावं? विल्फ, ती नावं कुठून आली?"

"मंगळवारी घरी बसून लिहिली. स्वयंपाकघरात. कोण कुणाजवळ बरं दिसेल ते बघून."

सभागृहाच्या मागच्या खोलीत चहाचं पाणी उकळत होतं, त्याचा आवाज येत होता. तो बंद करायला कुणीही उठलं नाही.

"बरं दिसेल ते बघून!" म्यूरिअल म्हणाली. "माझ्या पुस्तकाचा चौथा अध्याय, विल्फ! लस्कम घराण्याचं स्थान! पूर्वेच्या खिडकीखाली आमची सात थडगी, म्हणून आम्ही इथलं जुनं मानाचं घराणं, असं मी... कॅथीड्रलच्या ग्रंथालयात प्रत आहे त्याची!"

"तुझी आजी जिवंत होती तेव्हा," विल्फ म्हणाला. "खिडकीखाली नसती ठेवली तर तिनं माझं डोकं खाल्लं असतं."

"आणि आमचे लोक?" लेन उभा राहिला होता. "आम्ही ओढ्याकडच्या दलदलीत का? हिनं पुस्तकात लिहिलंय, यो घराणं गरीब होतं, त्यांना ओली जागा मिळाली! माझ्या नातीनं शाळेत त्यावर निबंध वाचला, विल्फ!"

"तुझ्या आजोबानं माझ्या सायकलची हवा सोडली होती. दोनदा."

कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलं, कारण आयडा उठली होती. तिनं पर्स खुर्चीवर ठेवली नाही, छातीशी धरली.

"सतरा नंबर," ती म्हणाली.

विल्फनं पहिल्यांदा खिडकीवरची नजर काढली.

"सतरा नंबरला कुणीतरी आहे, आयडा."

"माझी आई आहे."

"असेल. एकसष्टांतली एक शक्यता आहे. मला माहीत नाही."

"तू मला दाखवलंस. सत्तर साली. हातानं दाखवलंस, विल्फ."

"हो."

 आयडानं हातमोजे घालायला घेतले. डावा मोजा उजव्या हातात जाईना, तरी ती ओढत राहिली. पाद्रीबाई मदतीला पुढे झाल्या तर तिनं त्यांचा हात बाजूला केला आणि तशीच निघून गेली. दार आपटलं नाही. हळूच लागलं. त्याचंच सगळ्यांना जास्त लागलं.

*

विल्फचं घर चर्चच्या भिंतीला लागून. त्याच्या आजीनं त्याला वाढवलं. ती चर्च झाडायची, तो शाळा सुटल्यावर तिच्या मागे पाणी घेऊन हिंडायचा. चोविसाव्या वर्षी त्याला आवाराचं काम मिळालं तेव्हा आधीचा खड्डे खणणारा मरून दोन वर्षं झाली होती. शिकवायला कुणी नव्हतं. त्यामुळे लाल माती तो आपली आपणच शिकला. पावसात ती बुटाला धरते आणि उन्हात फावड्याला. कुठे चार फुटांवर पाटीचा दगड लागतो, कुठे सहा फूट लोण्यासारखं जातं, हे त्याला पायानं कळायचं. गावामागच्या उपाशी टेकडीवरून वारा आला की दोन दिवसांत पाऊस, हे तो सांगायचा आणि खरं निघायचं. वेनाकूममध्ये कुणीही गेलं की घरचे पाद्रीबाईंच्या आधी विल्फकडे जायचे. तो काही बोलायचा नाही. खांद्यावर हात ठेवायचा आणि विचारायचा, "कुणाजवळ?" बस्स, एवढंच. आणि आम्हाला वाटायचं, याला सगळं माहीत आहे.

त्या स्पर्धेत आमचा दुसरा नंबर आला, बरं का. पहिला शेजारच्या गावाचा. परीक्षकांना आमच्या बस थांब्याजवळ एक उलटी पडलेली कचऱ्याची बादली दिसली म्हणे.

मला सगळ्यात जास्त कशानं हादरवलं, तर पुढच्या चार दिवसांत जे कानावर आलं त्यानं. विल्फ खोटं बोलला हे एक झालं. पण लोक आता एकेक करून आठवायला लागले होते. म्यूरिअल मला पोस्टाच्या रांगेत म्हणाली, खालच्या आवाजात, "आजीनं तो नकाशा पहिल्यांदा बघितला ना, तेव्हा ती म्हणाली होती, अगं, आपली माणसं तर दाराच्या त्या अंगाला होती. मग चष्मा लावून परत बघितला आणि म्हणाली, मीच विसरले असेन." लेनच्या चुलतीचंही तसंच. ब्रिमकूम तर गाव सोडून गेलेले, पण त्यांच्या कुणीतरी पत्र पाठवून विचारलं होतं म्हणे, झाड पूर्वी आमच्या डाव्या हाताला होतं, आता उजव्या कसं? त्याला नकाशाची प्रत पाठवण्यात आली. त्यानं आभाराचं पत्र पाठवलं.

म्हणजे डोळ्यांनी पाहिलेली माणसं होती. त्यांच्यासमोर कागद आला आणि त्यांनी आपले डोळे खोटे ठरवले.

सोमवारी पाथरवट आले. पाद्रीबाईंनी त्यांना चहा आणि केक देऊन परत पाठवलं. काम रद्द. दगड भिंतीलाच.

विल्फ दाराबाहेर पडला नाही. त्याच्या पायरीवर कुणी अंडी ठेवली, कुणी काहीच ठेवलं नाही. लेननं कुंपणावरून ओरडून सांगितलं, "विल्फ, हवेचं मी समजू शकतो, पण दलदल?" 

*

बुधवारी सकाळी आयडा माझ्या दारात. कोट, टोपी, पर्स.

"वही घे आणि चल," ती म्हणाली.

"कुठे?"

"त्याच्याकडे. मी विचारणार आहे आणि तू लिहिणार आहेस. या वेळी तरी कागदावर खरं येऊ दे."

विल्फनं दार उघडलं. दाढी वाढलेली. आमच्याकडे बघून तो बाजूला झाला. आत टेबल तेच असणार, ज्यावर त्या मंगळवारी नावं लिहिली गेली. आयडानं ते नीट बघून घेतलं आणि खुर्ची ओढून टेबलाशी बसली.

"चहा?"

"नको. तिला तिथं का ठेवलंस?"

"आयडा..."

"म्यूरिअलच्यांना खिडकीखाली का ते कळलं. यो दलदलीत का ते कळलं. माझी आई झाडाखाली का?"

विल्फ समोर बसला. "हेक्स्टांचा तेवढा एकच दगड होता. कुणाजवळ ठेवावा कळेना. तिला लागून कुणीच नव्हतं. मग सोळाला माझी आजी लिहिली होती. आजी तुझ्या आईच्या दुखण्यात जायची-यायची. म्हटलं, दोघी ओळखीच्या. गप्पा मारतील. आणि झाड आहे, उन्हाळ्यात सावली."

"तुझी आजी तरी खरंच सोळाला आहे?"

"नाही," विल्फ म्हणाला. "ती गेली तेव्हा मी लहान, मला नेलं नव्हतं, आणि दगड उपटताना आकड्यावरच भिस्त ठेवली. तिचीही जागा गेली त्यात."

मी लिहायचं थांबले. आयडानं माझ्या वहीवर बोट ठेवलं. लिही.

"सत्तर साली मी फाटकातून आत आले," आयडा म्हणाली, "तेव्हा तू गवत कापत होतास. मी विचारलं, हेक्स्ट कुठे? तू यंत्र बंद केलंस. मला अजून तो आवाज बंद झालेला आठवतो. तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू फुलं घेऊन उभी होतीस. जहाजानं आली होतीस. म्हणालीस, एवढ्यासाठीच आलेय. मी काय सांगणार होतो?"

"माहीत नाही, असं. दोन शब्द."

"हो."

"पन्नास वर्षं, विल्फ. दर मातृदिनाच्या रविवारी मी तिथं प्रिमरोजची फुलझाडं लावली. पाऊस असला तरी. सगळं सांगितलं तिला. कॅनडातलं, मावशीचं. लग्न मोडलं ते. ज्या गोष्टी मी कुणाला..." तिनं पर्सची कडी उघडली आणि बंद केली. "आणि मी जायच्या आधी तू तिथलं गवत कापून ठेवायचास. दर वेळी. मला वाटायचं, किती भला माणूस आहे."

विल्फ टेबलाकडे बघत होता.

"आता नीट ऐक आणि नीट उत्तर दे," आयडा म्हणाली. "सत्तर साली गावात असं कुणी जिवंत होतं का, ज्यानं माझ्या आईला पुरताना पाहिलं होतं?"

मला वाटलं तो नाही म्हणेल. मनापासून वाटत होतं, नाही म्हणावं.

"टॅपरबाई," विल्फ म्हणाला. "दाई होती ती. बाळंतपणाला तीच होती आणि नंतर शवपेटीबरोबर चालतही तीच गेली. पाच-सहाच माणसं होती म्हणे, बर्फ पडत होतं."

"केव्हा गेली टॅपरबाई?"

"अठ्ठ्याहत्तर."

"म्हणजे मी आल्यावर आठ वर्षं ती होती."

"हो."

"कुठे राहायची?"

विल्फनं खिडकीकडे हात केला. ओढ्याच्या पलीकडचं पांढरं घर. आता तिथं सुट्टीला येणारे लोक असतात. ते आयडाच्या घरापासून तिसरं.

"मी तिच्याकडून जॅम घ्यायचे," आयडा म्हणाली. तिचा चेहरा पार उतरला होता, ओठांवरचा रंगसुद्धा. "दर आठवड्याला. तिनं मला एकदा विचारलंही होतं, तू झाडाखाली कुणाला फुलं वाहतेस गं? मी म्हटलं, आईला. ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, हो का. आणि झाकण घट्ट लावून बरणी दिली." ती थांबली. "तिला माहीत होतं. तिला वाटलं असेल, मला सांगावं की नाही. आणि मला वाटलं म्हातारीला काही आठवत नाही."

"मी तिला विचारू शकत होतो," विल्फ म्हणाला. "आठ वर्षं. एकदा तिच्या फाटकापर्यंत गेलोही. पण तिला विचारायचं म्हणजे आधी माझं सांगावं लागलं असतं. मग गावाला कळलं असतं, खडूचं. मला लाज वाटली, आयडा. दुसरं काही कारण नाही. नंतर ती गेली आणि मला..." तो अडखळला. "मला सुटल्यासारखं वाटलं. खड्डा मीच खणला तिचा."

एवढं बोलून तो रडायला लागला असता तर बरं झालं असतं. तो रडला नाही. तसाच बसून राहिला, हात टेबलावर पालथे ठेवून, जणू कुणीतरी ते मोजणार आहे.

आयडा उठून खिडकीशी गेली. तिथून भिंत दिसते आणि भिंतीला लावलेले दगड. डावीकडून पाचवा डॉली हेक्स्टचा. "लाडकी पत्नी आणि आई" एवढं अजून वाचता येतं.  मला वाटलं आता ती निघून जाईल, आणि मग या दोघांपैकी कुणीतरी एक जाईपर्यंत गाव दोन बाजूंत वाटलेलं राहील.

ती परत येऊन बसली. पर्समधून तिनं घडी घातलेला मोठा कोरा कागद काढला. त्यावर उत्तरेचं आवार आधीच काढलेलं होतं, झाड, दार, आणि एकसष्ट गोल, आकड्यांसकट. शाळेतल्या मुलांसारखं, पट्टी लावून. तिनंच काढलं असणार, या मधल्या दिवसांत. समास मोकळा होता.

"पेन आण," ती म्हणाली. "शाईचं."

"मी?"

"पहिला तूच लिहिलास ना? हाही तूच लिही. चर्चच्या काचेत हा लागेल."

"काय लिहू?"

"खरं."

विल्फनं पेन आणलं. एक नंबरच्या पुढे त्यानं ते टेकवलं आणि थांबला. मग लिहिलं, माहीत नाही. दोनच्या पुढे, माहीत नाही. तीन. चार. त्याचं अक्षर तेच होतं, गोलसर, काळजीनं काढलेलं. पूर्वेच्या खिडकीखालचे सात. दलदलीतले नऊ. प्रत्येक वेळी तो पूर्ण लिहीत होता. एकदा त्यानं वर बघून विचारलं, "खाली नुसतं 'वरीलप्रमाणे' म्हणून टिंब टिंब देऊ का?" आयडा म्हणाली, "नाही." सोळा. आजीपाशी तो बराच थांबला, पण लिहिलं. सतरापाशी त्याचं पेन कागदाच्या वरच राहिलं.

"लिही, विल्फ."

त्यानं लिहिलं.

एकसष्टपर्यंत जायला अर्धा तास लागला असेल. शाई वाळेपर्यंत आयडा थांबली. मग तिनं पर्समधला तो राखीव जागेचा कागद काढला. मला वाटलं फाडते आता. तिनं तो नकाशाशेजारी ठेवला, सारखा केला, आणि झाडाच्या बाजूला, सतरालगतच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"इथं एक गोल काढ. बासष्ट."

"बरं."

"आणि समासात लिही, आयडा हेक्स्ट."

विल्फनं तिच्याकडे बघितलं. "अगं, पण तू अजून आहेस."

"म्हणूनच लिही," आयडा म्हणाली. "मी समोर बसलेय तोवर. आणि नंतर मला दाखव, बरोबर लिहिलंयस का ते."